बाबांची जुनी स्टिरिओ सिस्टीम: टर्नटेबल गप्प, डेकचा आवाज दबका, आणि एक कॅसेट जी बिघडून चालणारच नाही

पावसाळी_दुपार

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल पण सगळं क्रमाने सांगते म्हणजे कुठे चुकतंय ते तुम्हाला कळेल.

बाबांची सिस्टीम बरीच वर्षं चादरीखाली झाकून पडली होती. एक अ‍ॅम्प्लिफायर, एक कॅसेट डेक, एक टर्नटेबल म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, आणि दोन मोठे स्पीकर. बाबा असताना आम्हाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत त्यामुळे कुठली वायर कुठे हे मला शून्य माहिती. आता ते नाहीत आणि मला ती चालू करायचीय.

पहिल्या दिवशी फक्त टर्नटेबल जोडलं. मागे जिथे जागा दिसली तिथे लावलं, त्यावर ऑक्स लिहिलेलं होतं. आवाज आला पण अगदी क्षीण, व्हॉल्यूम पार शेवटपर्यंत नेला तरी कुजबुजल्यासारखा, आणि पत्र्याच्या डब्यातून येतोय तसा, खालचे सूर गायबच. दुसऱ्या दिवशी डेक जोडला, टेप इन आणि टेप आउट अशा दोन जोड्या होत्या तिथे. कॅसेट लावली तर काहीच नाही, मग पुढची सगळी बटणं दाबून बघितली आणि टेप मॉनिटर दाबल्यावर वाजायला लागली. मग कुणीतरी सांगितलं की टर्नटेबल फोनोमध्ये लावायचं असतं, म्हणून तिथे हलवलं, पुढचा नॉबही फोनोवर केला, आणि आता तर ती कुजबुजसुद्धा नाही. एकदम सामसूम. टर्नटेबलच्या वायरींबरोबर एक बारीक काळी वायर लोंबकळतेय तिच्या टोकाला यू आकाराचा पत्रा आहे, ती कुठे जाते तेही कळलं नाही.

डेक वाजतो पण आवाज जाड गोधडी पांघरून कुणी गातंय असा. मधेच लाटांसारखा हलतो. एका कॅसेटची फीत आत गुंतली होती, ती कशीबशी सोडवली.

आणि खरं कारण हे. एक सी-९० म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट सापडलीय, त्यावर बाबांच्या अक्षरात फक्त "आई" लिहिलंय. म्हणजे माझी आजी. आजी गोष्टी सांगायची तेव्हा बाबांनी हातातल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर ते रेकॉर्ड केलं होतं एवढं मला आठवतंय. ती अजून डेकमध्ये घातलेली नाही, हिंमत होत नाहीये. आधी काय करू?

फिरती_थाळी

ताई, सगळ्यात आधी टेप मॉनिटरचं बटण परत दाबून बाहेर काढा. टर्नटेबल गप्प व्हायचं कारण शंभर टक्के तेच आहे. तुम्ही क्रम इतका नीट सांगितलाय की दुसरं काही असूच शकत नाही.

ते बटण बाकीच्या नॉबसारखं नसतं. नॉब काय निवडतो तर फोनो, ट्यूनर, ऑक्स यातलं एक, आणि जे निवडलंय ते अ‍ॅम्प मागच्या टेप आउटमधून डेककडे पाठवतो, रेकॉर्ड करण्यासाठी. टेप मॉनिटर दाबलं की अ‍ॅम्प नॉबचं ऐकणं सोडून देतो आणि डेककडून जे परत येतंय तेवढंच स्पीकरला देतो. तीन हेडवाल्या, म्हणजे फितीवर आवाज भरायला आणि वाचायला वेगळे हेड असलेल्या, डेकवर रेकॉर्डिंग चालू असतानाच फितीवर काय उमटतंय ते ऐकता यायचं, मूळ आवाज आणि फितीवरचा आवाज असं बटण दाबून सोडून ताडून बघायचे, म्हणून नाव मॉनिटर. डेक थांबलेला असेल आणि बटण आत असेल तर तुम्ही काहीही लावा, शांतता. चांगले चालू अ‍ॅम्प लोकांनी एवढ्या एका बटणापायी दुरुस्तीला नेलेले मी बघितलेत.

आता ऑक्सवर आवाज पत्र्यासारखा का आला ते. टर्नटेबलच्या सुईमागे जो कार्ट्रिज असतो त्यातून ३ ते ५ मिलिव्होल्ट एवढंच निघतं, डेक किंवा ट्यूनरमधून काहीशे मिलिव्होल्ट येतात. म्हणजे शंभरपट वाढवायला लागतं. शिवाय रेकॉर्डच्या तबकडीवर खाच कापतानाच खालचे सूर मुद्दाम कमी केलेले असतात आणि वरचे वाढवलेले, कारण खालचे सूर आहेत तसे कापले तर खाच एवढी रुंद वळणं घेते की बाजूवर मावणारं गाणं कमी होतं आणि सुई उडते. वाजवताना ते बरोब्बर उलटं करायचं. याचं प्रमाण आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) नावाने १९५४ साली ठरलं, २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल वाढव आणि २० हजारला तेवढंच कमी कर असं. हे सगळं काम अ‍ॅम्पच्या फोनो इनपुटमागचं सर्किट करतं, ऑक्सला ते नसतं. म्हणून कुजबुज, म्हणून पत्रा. उलट चूकही करू नका हं, डेक फोनोत लावलात तर घुमणारा फाटका आवाज जोरात येईल आणि स्पीकरला धक्का बसेल.

ती काळी वायर म्हणजे अर्थिंगची वायर. अ‍ॅम्पच्या मागे फोनोच्या शेजारी एक स्क्रू असेल, जीएनडी लिहिलेलं, तो सैल करून पत्रा खाली सरकवा आणि हाताने घट्ट करा. ती नसेल तर घूंऽऽ असा आवाज येत राहतो, आणि तुम्हाला बटण सोडल्यासोडल्या तोच ऐकू येणार आहे, घाबरू नका. जोडाजोड करताना अ‍ॅम्प बंद ठेवा.

आणखी एक, रेकॉर्ड लावायच्या आधी टर्नटेबलच्या हाताचं, म्हणजे सुई असलेल्या दांडीचं, वजन बघा. मागचं गोल वजन फिरवून असं करा की हात तराजूसारखा हवेत आडवा तरंगेल, ना खाली जाईल ना वर. त्या वेळी अँटीस्केट (हात आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून असतो तो नॉब) शून्यावर, आणि सुई कशावर आपटणार नाही याकडे लक्ष. मग वजन न हलवता फक्त पुढची आकड्यांची रिंग शून्यावर आणायची, आणि आता वजन रिंगसकट फिरवून कार्ट्रिजला जेवढं सांगितलंय तेवढं द्यायचं, बहुतेकांना दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास. अँटीस्केट तेवढ्याच आकड्यावर. कमी वजन म्हणजे रेकॉर्ड जपलं असं लोकांना वाटतं पण कमी वजनात सुई खाचेत नाचते आणि भिंतींना जास्त ओरखडते.

रीळवाला

थाळीभाऊंनी टर्नटेबलचं सांगितलं, मी कॅसेटचं सांगतो, आणि हात जोडून सांगतो. आजींची कॅसेट आत्ता त्या डेकमध्ये घालू नका. जो डेक नुकतीच एक फीत गुंतवून बसलाय तो दुसरीही गुंतवेल.

माझ्याकडे मोठ्या भावाचा आवाज असलेली एकच कॅसेट होती. दहा वर्षं बंद पडलेला डेक चालू झाला या आनंदात मी पहिली तीच लावली. अर्धा मिनिट वाजली आणि मग आवाज जड होत होत थांबला. झाकण उघडलं तर फीत रबरी चाकाभोवती गुंडाळलेली, मी घाईत ओढली आणि ती ताणली गेली. ताणलेली फीत परत सरळ होत नाही. आजही तेवढ्या जागी भावाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो आणि नेमकं तिथेच तो माझं नाव घेतोय.

तर क्रम असा ठेवा. डेकचं झाकण उघडून प्ले दाबा, कॅसेट न घालता, म्हणजे हेड वर येतात. काही डेक कॅसेट नसेल तर चालत नाहीत, तर मग पोचेल तेवढं करा. मधे चकचकीत धातूचा हेड, त्याच्या बाजूला एक बारीक पोलादी दांडी, तिला कॅपस्टन म्हणतात, आणि तिला टेकणारं काळं रबरी चाक म्हणजे पिंच रोलर. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून निथळू द्या आणि हेड पुसा, मग कॅपस्टन. काडीवर तपकिरी रंग येईल, तो जुन्या फितींचा झडलेला लेप. काडी पांढरी निघेपर्यंत काड्या बदलत राहा. रबरी चाकाला मी अल्कोहोल लावत नाही, रबर कडक होतं असं माझं मत, तिथे साबणाचं किंचित पाणी आणि मग नुसत्या ओल्या काडीने. चाक नखासारखं चमकत असेल तर ते घासून मॅट झालं पाहिजे, त्या चमकेमुळेच फीत घसरते, आवाज हलतो आणि फीत गुंतते.

मळ एवढासा असला तर काय बिघडतं असं वाटेल. कॅसेटची फीत सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे १० हजार हर्ट्झच्या सुराची एक अख्खी लाट फितीवर ४.७६ मायक्रॉनमध्ये बसलेली असते. हेड आणि फीत यात त्याच्या निम्म्याएवढा जरी मळाचा थर आला तर तो सूर सत्तावीसेक डेसिबलने पडतो. तुमची गोधडी ती हीच.

साफ केल्यावर सगळं नीट वाळू द्या, मग जिच्यावर काही महत्त्वाचं नाही अशी सी-६० लावा, दोन्ही बाजू पूर्ण. ती न अडकता, न हलता वाजली तरच पुढचं. सी-१२० ने टेस्ट नको, तिची फीत इतकी पातळ असते की चांगल्या डेकमध्येही गुंतते.

आणि आजींच्या कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या शाबूत असतील तर आजच मोडून टाका. त्या मोडल्या की डेक त्या कॅसेटवर रेकॉर्ड करत नाही, नाहीतर एकदा चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं की संपलं.

कानोसा

रीळवाल्यांचं सगळं बरोबर पण दबका आवाज फक्त मळामुळेच असेल असं नाही. ताई, डॉल्बीचं बटण बघा, फितीची सूंऽ म्हणजे हिस कमी करायला असतं ते. डॉल्बी बी लावून वाजवताय का? रेकॉर्ड करताना डॉल्बी लावलेलं नसेल आणि वाजवताना लावलं तर तो हिससोबत खरे वरचे सूरही दाबतो. हातातल्या छोट्या रेकॉर्डरला डॉल्बी नसायचंच, त्यामुळे आजींच्या कॅसेटला डॉल्बी बंद. थोडी सूंऽ येईल, येऊ द्या.

दुसरं अ‍ॅझिमथ. हेड फितीला काटकोनात असावा लागतो आणि प्रत्येक मशिनचा कोन केसभर वेगळा. हेडच्या बाजूला एक छोटा स्प्रिंगवाला स्क्रू असतो, कॅसेट वाजत असताना, अ‍ॅम्पचं मोनो बटण दाबून तो हळूहळू फिरवायचा, जिथे "स" आणि "श" सर्वात स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबायचं. आजींची कॅसेट दुसऱ्या मशिनवर भरलेली आहे त्यामुळे याने फरक पडणारच.

रीळवाला

कानोसा, डॉल्बीचं मान्य, माझ्याकडून राहिलं. पण अ‍ॅझिमथला आत्ता हात लावायला सांगू नका हो. साफसफाईआधी फिरवला तर मळामुळे दबलेला आवाज माणूस स्क्रूने सुधारायला बघतो आणि कोन पार भलतीकडे जातो. साफ करा, डॉल्बी बंद करा, तरीही दबका असेल तरच, आणि तेही स्क्रूच्या आधीच्या जागेवर मार्करची रेघ मारून. पाव फेऱ्याच्या वर कधी लागत नाही.

कानोसा

हो, रेघ मारायची हे मी सांगायला हवं होतं. बाकी तो क्रम मलाही पटला.

सुई_७८

ताई, अल्कोहोल हातात घेणार आहात म्हणून एकच सांगायला आलो. बाबांच्या रेकॉर्डांत जाड, जड, पडली तर काचेसारखी फुटेल अशी ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणारी, तबकडी असेल तर तिला ते अल्कोहोल चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तिला डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश पुरे. आणि एलपीच्या (३३ वेगाच्या नेहमीच्या मोठ्या रेकॉर्डच्या) सुईने ती वाजवू नका, ७८ ची खाच बरीच रुंद असते, एलपीची सुई तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर येते. वेगळी सुई लागते.

पावसाळी_दुपार

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. टेप मॉनिटर सोडलं आणि स्पीकरमधून घूंऽऽ आला, अगदी सांगितल्यासारखा, अ‍ॅम्प बंद करून काळी वायर स्क्रूला लावली आणि परत चालू केलं तर घूं गायब. हाताचं वजन दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा तो हवेत थांबला. बाबांची एक एलपी लावली, ३३ वर. सुई खाली टेकते तेव्हाचा तो बारीक टप् आवाज ऐकला आणि मी तिथेच जमिनीवर बसले, लहानपणी त्या आवाजानंतर आम्ही सगळे गप्प व्हायचो.

डेकला अकरा काड्या लागल्या. पहिल्या तीन तर चहासारख्या तपकिरी. रबरी चाक खरंच चमकत होतं. टेस्टची कॅसेट दोन्ही बाजू वाजली, कुठे अडकली नाही, आणि डॉल्बी बंद केल्याबरोबर खिडकी उघडल्यासारखा आवाज मोकळा झाला. स्क्रूला हात लावला नाही.

पट्ट्या मोडल्या. पण आजीची कॅसेट जवळून बघितली तर समोरच्या मधल्या खिडकीत जो छोटा स्पंजसारखा तुकडा असतो, बाकीच्या कॅसेटना आहे, तो हिला नाही. तांब्याची पट्टी आहे पण वरचं काही नाही. तुकडा कॅसेटच्या आतच खुळखुळतोय. आता?

रीळवाला

बघितलंत ते फार चांगलं झालं. तो फेल्टचा पॅड, फीत हेडवर दाबून धरण्याचं काम त्याचं. गोंद वाळला की तो पडतो. तसंच वाजवलं असतं तर आवाज येऊन जाऊन आला असता, आणि सुटा तुकडा आत कुठे अडकला असता तर फीत ओढली गेली असती.

कॅसेटला पाच छोटे स्क्रू आहेत का बघा. असतील तर काम सोपं आहे. स्क्रूवालीच एक नको असलेली कॅसेट घ्या, चांगल्या पॅडची. टेबलावर पांढरं कापड पसरा. दोन्ही कॅसेट सपाट ठेवूनच उघडायच्या, उभ्या धरायच्या नाहीत, वरचं झाकण सरळ वर उचलायचं. आत दोन्ही कोपऱ्यांत छोटी चाकं असतात ती उडू देऊ नका, आणि फीत कुठल्या चाकाच्या कुठून जाते त्याचा फोनने फोटो काढा. दुसरीतली रिळं काढा, तिचं कवच आणि पॅड तसंच राहू द्या, आणि आजींची दोन्ही रिळं एकदम, दोन्ही हातांनी, फितीला बोट न लावता त्यात ठेवा. फीत पॅडच्या पुढून, म्हणजे उघड्या बाजूने जायला हवी, मागून नाही. रिळाच्या वरखाली पातळ घसरपट्ट्या असतात त्या विसरू नका. पाच स्क्रू अलगद आवळा, जोर लावला तर कवच वाकतं. नव्या कवचाच्या पट्ट्याही मोडा, नाहीतर मघाशी केलेलं वाया! मग पेन्सिल घालून हाताने थोडं पुढे, थोडं मागे फिरवा. जड लागलं तर थांबा आणि परत उघडा.

स्क्रू नसून कवच चिकटवलेलं असेल तर सांगा, ते वेगळं प्रकरण आहे.

कानोसा

आणि वाजवाल ती पहिलीच वेळ रेकॉर्ड करून घ्या, आधी ऐकते मग करते असं नको. जुनी फीत पहिल्यांदाच सगळ्यात चांगली वाजेल हे धरून चालायचं. डेकच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन इनमध्ये, माइकच्या भोकात नाही, तिथे आवाज फाटतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहील, हशा पिकला तरी लाल दिवा लागता कामा नये. नको तो आवाज काढायचं काम नंतर, कॉपीवर.

पावसाळी_दुपार

स्क्रू होते. दीड तास लागला. एक छोटं चाक खरंच उडालं, पांढऱ्या कापडावर होतं म्हणून सापडलं.

आजी बोलतेय. स्वच्छ. मधेमधे बाबा "मग पुढे?" म्हणतात. त्यांचा आवाज कॅसेटवर असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिली बाजू पूर्ण उतरवून झाली.

एकच गोष्ट, दुसऱ्या बाजूच्या शेवटी शेवटी आजीचा आवाज बारीक आणि घाईघाईचा होत जातो, लहान मुलीसारखा. डेक बिघडतोय का? मी थांबवलंय.

कानोसा

डेक नाही बिघडत. बाबांच्या रेकॉर्डरचे सेल उतरत आले होते. रेकॉर्ड करताना फीत हळू सरकली, आता तुमचा डेक ती बरोब्बर वेगाने ओढतोय म्हणून सगळं वर चढतं. टेस्टची कॅसेट त्याच डेकवर शेवटपर्यंत सरळ वाजली ना, मग खुशाल पुढे चालू करा आणि आहे तसं उतरवून घ्या. नंतर एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये स्पीड कमी करा, नुसता टेम्पो नाही, टेम्पोने वेग कमी होईल पण आवाज बारीकच राहील. शेवटची दहा मिनिटं तुकड्या तुकड्याने करावी लागतील कारण सेल हळूहळू उतरतात. आजींचा पहिल्या बाजूचा आवाज शेजारी वाजवत ठेवा आणि कानाने जुळवा.

पावसाळी_दुपार

जुळला. एकूण नऊ तुकडे करावे लागले. सगळ्यात शेवटी आजी विचारते, "अरे, ते लाल बटण अजून चालू आहे का?" आणि बाबा म्हणतात, "असू दे, तू बोल." त्यानंतर तिने काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि फीत संपली.

सुई_७८, तुम्ही म्हणालात तशा दोन जाड तबकड्या खालच्या खणात निघाल्यात. ती वेगळी सुई माझ्या कार्ट्रिजला बसेल का ते कशावरून ओळखायचं?

सुई_७८

कार्ट्रिजच्या पुढच्या बाजूला मॉडेल नंबर छापलेला असतो, टॉर्च मारून तिरप्या उजेडात बघा आणि इथे लिहा. सुई सरळ पुढे ओढून निघणारी असेल तर बऱ्याच मॉडेलना ७८ ची सुई त्याच अंगावर बसते, कार्ट्रिज काढायचीही गरज नाही. आणि टर्नटेबलवर ३३ आणि ४५ च्या शेजारी ७८ लिहिलंय का तेही बघून सांगा, ते नसेल तर सुई घेऊन उपयोग नाही.